बाळ किती दिवसांचं?

चिखलोलीत लिफ्टनं सातव्या मजल्यावर जा किंवा एमआयडीसीच्या मागच्या चाळीत चिखल तुडवत जा, बाळंतिणीची खोली लगेच ओळखू येते. खिडकी बंद, बाईच्या कानाला फडकं, कोपऱ्यात शेगडी, ओवा-शेपाच्या धुरीचा वास भिंतीत मुरलेला, आणि उशाशी स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये इथे रेल्वेस्थानक होणार हे ठरल्यापासून जागांचे भाव वाढले, इमारती वाढल्या आणि माणसंही वाढली. धुळे-जळगावची, बीडची, मुरबाड-शहापूरकडची, उत्तर प्रदेशातली. नवरा कारखान्यात पाळीवर, बायको घरी. मूल झालं की गावाहून आई किंवा सासू सव्वा महिन्यासाठी येते आणि येताना गावचे सगळे नियम सोबत आणते.

या पट्ट्यात नोकरीचं आयुष्य काढलेल्या एक परिचारिका आहेत. एएनएम हा त्यांचा हुद्दा, पण सगळ्यांच्या त्या सिस्टर. घरात पाऊल टाकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाळ किती दिवसांचं?" घरातल्यांना वाटतं, लसीसाठी विचारतात. लसीसाठी विचारतातच, पण निम्मा प्रश्न आईसाठी असतो. आईच्या रक्ताचा धोका बाळाच्या दिवसांवरून मोजायचा असतो, हे त्या आता पाठ झाल्यासारखं सांगतात.

वार सुटली की गर्भाशयात मोठी जखम उघडी पडते. बाई रक्तस्रावानं जाऊ नये म्हणून शरीर गरोदरपणातच तयारीला लागतं. रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन-एस कमी होतं. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रक्तवाहिनीत गुठळी का धरते याचा अभ्यास केला. त्यांच्या नावानं आजही तीन कारणं शिकवली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. ओल्या बाळंतिणीकडे ही तिन्ही एका वेळी हजर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तर असं नोंदलंय की, बाळंतपणानंतरच्या पहिल्या ४२ दिवसांत शिरेत गुठळी होण्याचा धोका, गरोदर किंवा बाळंतीण नसलेल्या त्याच वयाच्या बाईच्या तुलनेत २२ ते ८४ पट असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो आणि मग उतरत जातो. २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात थोडा वाढीव धोका बाराव्या आठवड्यापर्यंत दिसला, पण सहा आठवड्यांनंतरचा अगदीच कमी.

आता यात गोळी आणून ठेवा. कुटुंबनियोजनाची नेहमीची गोळी संयुक्त असते, म्हणजे तिच्यात दोन संप्रेरकं असतात. सरकारी माला-एन घ्या किंवा दुकानातली माला-डी, पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या लोहाच्या. संप्रेरकाच्या प्रत्येक गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल एस्ट्रॅडिऑल. गुठळीच्या गोष्टीत खलनायक हा दुसरा. एस्ट्रोजेन यकृताला गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं आणि प्रोटीन-एस आणखी कमी करतं. गरोदरपणानं जे केलं तेच, त्याच दिशेनं. म्हणून नियम असा: बाळ अंगावर पीत असेल तर सहा आठवड्यांपर्यंत संयुक्त गोळी अजिबात नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाही. बाळ वरच्या दुधावर असेल तरी पहिले २१ दिवस नाही. सीझर, फार रक्तस्राव, रक्त चढवलेलं, लठ्ठपणा, गरोदरपणातलं वाढलेलं बीपी असं काही असेल तर ४२ दिवस टाळायची. ज्या बाईला पूर्वी गुठळी झालीय तिला ती कधीच नाही.

गंमत म्हणजे पहिल्या २१ दिवसांत गोळीची गरजच नसते. पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाच्या आईलाही त्याआधी सहसा बीज सुटत नाही. धोका सगळ्यात जास्त असतो त्याच दिवसांत उपयोग शून्य.

हे सगळं छापलेलं आहे, प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. तरी चुकतं कुठे, हे सिस्टरांना एका घरात फार जवळून पाहायला मिळालं.

दुसरं बाळंतपण, सीझर. दूध कमी येतं म्हणून बाळ पावडरच्या दुधावर. आशाताईंची एकविसाव्या दिवसाची भेट होती आणि सिस्टर सोबत गेल्या होत्या. आशाताई बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन करत होत्या. सगळ्यांचे डोळे काट्यावर. सिस्टरांचं लक्ष मात्र आईकडे गेलं. ती मांडी घालून बसली नव्हती. डावा पाय लांब करून, जरा तिरकी बसली होती.

"काय गं, पाय आखडला का?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "वारं भरलंय सिस्टर. परवा खिडकी उघडून बसली होती. रोज तेल लावून रगडतो आम्ही, पण उतरत नाही."

युरोपातल्या जुन्या डॉक्टरांनासुद्धा बाळंतिणीच्या सुजलेल्या पायात दूध उतरून साचतं असंच वाटायचं. तेव्हा सासूबाईंना हसण्यात अर्थ नाही. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आधी रगडणं थांबवायला सांगितलं, कारण शिरेत गुठळी असली तर मालिशनं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग पिशवीतून शिंप्याची टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक हाडाचा उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली मोजून दोन्ही पोटऱ्यांना पेनानं खूण केली आणि टेप गुंडाळली. उजवी ३३, डावी ३७. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे संशयाला जागा आहे. त्यातून डावा पाय. पोटात डावीकडची मोठी शीर उजव्या धमनीखाली दाबली जाते आणि गर्भाच्या भारानं आणखीच. म्हणून गरोदरपणातल्या बहुतेक गुठळ्या डाव्या पायात होतात. त्वचा गरम होती, अंगठा दाबला की खळगा पडत होता.

"गोळ्या-बिळ्या काही घेतेस का?"

बाई सासूकडे पाहून गप्प. सिस्टरांनी सासूबाईंना चहा टाकायला सांगितला. हा त्यांचा जुना उपाय. सासू स्वयंपाकघरात गेल्यावर तांदळाच्या डब्यामागून स्ट्रिप निघाली. संयुक्त गोळीची, नऊ जागा फुटलेल्या. बारसं झालं त्या रात्री सुरू केली होती. नवऱ्यानं आणली होती. पहिल्या खेपेला दोन मुलांत पुरतं वर्षभराचंही अंतर राहिलं नव्हतं, तसं पुन्हा नको म्हणून. आता नवऱ्यानं स्वतःहून काळजी घेतली याचं कौतुक करावं की रागवावं? सिस्टरांनी तेव्हा यातलं काहीच केलं नाही. आधी रिक्षा मागवली.

मोठ्या रुग्णालयात डॉप्लर झाली. मांडीपर्यंतच्या शिरेत गुठळी निघाली. पोटावर हेपरिनची इंजेक्शनं, मग वॉरफरिनच्या गोळ्या आणि दर थोड्या दिवसांनी आयएनआर. रक्त किती पातळ झालं ते मोजणारी ही तपासणी दोन ते तीनच्या मध्ये राखायची असते. इथे सासूबाईंचा पथ्याचा कारखाना आडवा आला. बाळंतिणीला शेपू आणि मेथी रोज, आणि पालेभाजीतलं के-जीवनसत्त्व वॉरफरिनच्या बरोबर उलट काम करतं. भाजी बंद करा म्हटलं असतं तर घरात भांडण झालं असतं आणि त्याची गरजही नव्हती. रोज खायची तर रोज तेवढीच खा, एक दिवस जुडी आणि चार दिवस काही नाही असं करू नका, एवढं सांगून भागलं. आणखी एक गैरसमज निघाला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू म्हणून जे थोडं दूध येत होतं तेही बंद करायचं ठरलं होतं. वॉरफरिन आणि हेपरिन, दोन्ही घेत असताना बाळाला पाजता येतं.

बाई बरी झाली. पुढे औषध संपेपर्यंत निरोध आणि नंतर तांबी, असं तिनं नवऱ्यासमोर ठरवलं.

गोळीमुळेच गुठळी झाली का? सिस्टर असं कधीच म्हणत नाहीत, आणि ते बरोबर आहे. सीझर, तीन आठवडे जवळजवळ झोपून, त्यात घराच्या नियमानं कमी पाणी. एवढी कारणं एकटीदुकटीही पुरली असती. गोळी घेतली नसती तरी झाली असती का, याचं उत्तर कोणत्याही तपासणीत मिळत नाही. बाईच्या आईनं नंतर "तुझ्या गोळीनं माझी पोर मेली असती" म्हणून जावयाला धारेवर धरलं, तेव्हा मध्ये पडून हेच सांगावं लागलं.

पाण्याचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. "पाणी जास्त पिऊ नकोस, पोट सुटेल" हे वाक्य महाराष्ट्रात ऐकलं नाही अशी बाळंतीण विरळा. दक्षिणेतही असंच चालायचं. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ गरोदर आणि बाळंत बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही अशा बाळंतिणींवर वर्षानुवर्षं काम झालं. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात दुर्मीळ म्हटलेला हा आजार आपल्याकडे न्यूरोलॉजीच्या वॉर्डात नेहमीचा होता. घरात बसून राहणं, पाणी तोडणं, पंडुरोग, जंतुसंसर्ग ही कारणं तेव्हापासून मोजली जातात. पायातली गुठळी निदान सुजून दिसते. मेंदूतली डोकेदुखीनं सुरू होते, मग उलट्या, नजर अंधूक, झटके. घरात त्याला बाळंतवात म्हणतात, कुणी बाहेरचं झालं म्हणतं, आणि मोलाचे दिवस वाया जातात. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटनं २०१२ साली मेंदूतल्या शिरांत गुठळी झालेल्या ४२८ रुग्णांची माहिती मांडली, त्यात चित्र पालटलेलं दिसतं. बाळंतिणी दहा टक्क्यांच्या आसपास, आणि गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या त्यांच्यापेक्षा किंचित जास्त. बाळंतपणं दवाखान्यात आली, जंतुसंसर्ग घटला, गोळ्या वाढल्या.

गुठळीकडे रक्ताचा कल कधी जन्मजात, घराण्यातूनही येतो. परळला केईएमच्या आवारातल्या प्रतिरक्षा-रक्तशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत रक्ताच्या अशा जन्मजात दोषांवर काम चालतं. चिखलोलीतून परळला कुणी उठसूट जात नाही, तेव्हा सिस्टर त्याऐवजी एक प्रश्न विचारतात: घरात कुणाला तरुणपणी पायात गाठ झाली होती का, कुणी बाळंतपणात अचानक दम लागून गेली का? पुष्कळदा "हो, माझी मावशी" असं उत्तर येतं, आणि ती मावशी कशानं गेली हे कुणालाच ठाऊक नसतं.

एवढं वाचून गोळीची धास्ती बसली असेल तर तीही धोक्याचीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिलेला हिशेब असा आहे: वर्षभरात दहा हजार बायकांमागे शिरेतली गुठळी, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांत १ ते ५ जणींना, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदर बायकांत ५ ते २० आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांत ४० ते ६५. म्हणजे गोळीला घाबरून बाई पुन्हा गरोदर राहिली, तर ती कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे चालत गेली. ब्रिटननं हे अनुभवलंय. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं तिसऱ्या पिढीच्या काही गोळ्यांमध्ये गुठळीचं प्रमाण दुप्पट असल्याचा इशारा घाईघाईनं दिला. वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात चढवला. बायकांनी पाकिटं अर्धवट टाकली आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. इशारा खोटा नव्हता, पण 'दुप्पट' म्हणजे किती हे सांगायचं राहून गेलं.

म्हणून सिस्टर "गोळी वाईट" असं म्हणत नाहीत, तर "आत्ता नको" म्हणतात आणि लगेच दुसरं काहीतरी हातात ठेवतात. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, तिच्यात संप्रेरक नाही. बाळ पूर्ण अंगावर असेल, पाळी आली नसेल आणि सहा महिने झाले नसतील तर अंगावर पाजणं हेच ९८ टक्के खात्रीचं साधन. तिन्ही अटी हव्यात, दोन चालत नाहीत. दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे. त्यात एस्ट्रोजेन नाही, पण पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली सेंटक्रोमान ही बिनसंप्रेरकाची गोळी पूर्वी 'सहेली' म्हणून आली. आता सरकारी कार्यक्रमात 'छाया' नावानं फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजणाऱ्या आईलाही ती देतात. अंबरनाथमध्ये 'छाया' म्हटलं की लोकांना आधी डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आठवतं, त्यामुळे "छाया घेतेस का?" यावर "नाही हो, मी उल्हासनगरला बाळंत झाले" असं उत्तरही सिस्टरांनी ऐकलंय.

दुकानदाराशी बोलणं हा यातला सगळ्यात अवघड भाग निघाला. सिस्टर चिखलोली नाक्याजवळच्या एका मेडिकलवाल्याकडे गेल्या, तेव्हा तो काही उर्मट नव्हता, वैतागलेला होता. "सिस्टर, माणूस येतो, इकडेतिकडे बघतो, गोळीचं नाव पुटपुटतो आणि पैसे ठेवून निघतो. बायकोचं वय सांगायला थांबत नाही, बाळंतपणाचं काय विचारू?" त्याचं म्हणणं खरं होतं. माला-डीसारख्या संयुक्त गोळीला चिठ्ठी लागत नाही, आणि लागावी असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हापासून ही साधनं लाजेच्या पलीकडे न्यायची धडपड चाललीय. चिठ्ठीचा अडसर घातला तर पुन्हा मागे. सिस्टरांनी त्याला एवढंच मागितलं: माणूस नवा असेल तर "घरात लहान बाळ आहे का?" म्हणून विचार, आणि "हो" आलं तर "किती दिवसांचं?" तो म्हणाला, बघतो. तो कधी विचारतो, कधी विसरतो.

गौरी-गणपतीच्या आधी त्याच काउंटरवर दुसरी एक गोळी खपते: पाळी पुढे ढकलायची. नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा. तिच्यात एस्ट्रोजेन नाही असं सगळे समजतात. पाकिटावर नसतंच. पण या मोठ्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो आणि एका साध्या संयुक्त गोळीएवढं एस्ट्रोजेन अंगात जातं. घरात गौरी बसायच्या आणि सूनबाई महिन्याभरापूर्वी बाळंत झालेली, असा योग जमून आला की सिस्टरांना धडकी भरते. सोवळ्यासाठी गोळी खाल्ली म्हणून कुणाला आपण 'गर्भनिरोधक' घेतलं असं वाटत नाही, त्यामुळे "कुटुंबनियोजनाचं काही घेतेस का?" या प्रश्नाला ती इमानदारीत "नाही" म्हणते. हल्ली त्या प्रश्नच बदलून विचारतात: "पाळीसाठी, डोक्यासाठी, कशासाठीही, कुठलीही गोळी?"

आशांच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत: ३, ७, १४, २१, २८, ४२. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला, त्यातून पुढे देशभराचा हा कार्यक्रम उभा राहिला. तो आखला बाळ वाचावं म्हणून, आणि वाचलीही. आईच्या रक्ताच्या दोन सीमारेषा, २१ आणि ४२, नेमक्या याच वेळापत्रकावर पडतात हा योगायोग. त्याचा फायदा घ्यायला वेगळी योजना लागत नाही, टेप आणि दोन प्रश्न लागतात.

मासिक बैठकीत एका आशाताईंनी अडचण काढली. पुष्कळ बायकांना बाळंतपणाची तारीख सांगता येत नाही, सण सांगतात, आठवडे मोजायचे कसे? सिस्टरांनी बाळाच्या लसीचं कार्ड पुढे घेतलं. दीड महिन्याची पेंटाव्हॅलेंटची सुई सहा आठवडे भरल्याशिवाय देत नाहीत. ती टोचली असेल तर ४२ दिवस उलटले. आणि बाळ अंगावर असेल तर उष्टावण होईपर्यंत संयुक्त गोळीचं नाव काढायचं नाही. बारसं, पहिली मोठी सुई, उष्टावण, हे तिन्ही कोणतीही आई विसरत नाही.

"आणि सुई उशिरा टोचली असेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर आई आणखी सुरक्षित. पण बाळाची सुई उशिरा का झाली ते मला आधी सांगा," सिस्टर म्हणाल्या आणि बैठकीतला पुढचा अर्धा तास त्यातच गेला.